‘सुरतेकडची’ म्हणजे नेमकी कुठली?

मंडळाच्या एका बैठकीत सहज विषय निघाला होता: आपल्यापैकी किती जणांना पणजीचं नाव सांगता येईल? आम्ही बारा जण होतो. पणजोबांचं नाव चौघांना आलं, पणजीचं एकालाच. तो एक म्हणजे मी नव्हे. माझ्या आजीच्या आईचं नाव मला ठाऊक होतं, पण तिचं माहेरचं आडनाव, आईबाप, गाव यांतलं काहीच नाही. घरात तिच्याबद्दल दोनच वाक्यं चालत आली होती. ‘ती सुरतेकडची होती’ आणि ‘ती बाईंच्या मुक्तीत वाढली’. बाई म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुक्ती म्हणजे केडगावचं मुक्तिसदन.

आजी आता ८८ वर्षांची आहे. दिवाळीत तिने मला जवळ बसवून विचारलं, “तू एवढी पुस्तकं धुंडाळतेस, माझ्या आईचं गाव सापडतं का बघ की.” तिला प्रॉपर्टी नको, जातीचा दाखला नको, काहीच नको. मेल्यावर आई भेटली तर “तुझं गाव मला कळलं” एवढं तिला सांगायचंय. यावर काय बोलणार! मी हो म्हटलं आणि अडकले.

ते शोधायला मी सुरतला गेले, तिथे काय मिळालं, काय मिळालं नाही आणि का, हे इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाला आपल्या घराचं मूळ शोधायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील.

पहिली चूक मी निघण्याआधीच केली होती. आजीला मी “सुरत शहर की जवळचं गाव?” असं विचारलं. आजी म्हणाली, “शहरच असेल.” झालं, मी वहीत ‘सुरत शहर’ असं लिहून टाकलं. म्हातारी माणसं बोलतात तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्यायचा असतो, आपला अर्थ त्यात घालायचा नसतो. आजीचा मूळ शब्द होता ‘सुरतेकडची’. त्या ‘कडे’ या प्रत्ययाने मला पुढे दोन महिने फिरवलं.

फ्लाइंग राणीने रात्री सुरतला उतरले. माझ्या रूममेटची मावशी उधन्याला राहते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागात खानदेशातून आलेली इतकी मराठी माणसं आहेत, की रिक्षातून उतरल्यावर पहिली भाषा कानावर पडली ती अहिराणी. मावशींनी गरम भाकरी वाढली आणि मी का आले ते ऐकून म्हणाल्या, “आम्ही पोटासाठी इकडे आलो नि तुझी पणजी इकडून तिकडे गेली. वाट तीच!”

सुरत हे वाचनालयांचं जुनं गाव. इथली अँड्र्यूज लायब्ररी १८५० साली सुरू झाली. घोडदोड रोडवर महानगरपालिकेचं मोठं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ते कवी नर्मदाच्या नावाने. नर्मद हा सुरतचाच, आणि त्याने १८६६ साली आपल्या गावाचा छोटा इतिहासही लिहून ठेवला. मी मात्र ज्या वाचनालयात तीन दिवस बसले त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करायची आहे आणि तिथल्या माणसांनी मला मदतच केली.

त्या वाचनालयाचं नुकतंच नूतनीकरण झालं होतं. भिंतींना नवा रंग, एलईडी दिवे, प्रत्येक टेबलाला चार्जिंगचा पॉइंट, पिण्याचं थंड पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ टॉयलेट. हे शेवटचं कुणाला क्षुल्लक वाटेल, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एका जागी बसून जुनी पुस्तकं वाचणाऱ्या मुलीला विचारा. हॉल गच्च भरला होता. नव्वद टक्के मुलं स्पर्धा परीक्षेची. एवढी शांतता, की माझ्या बॅगेची चेन उघडली तरी तिघांनी वर पाहिलं.

काउंटरवरच्या बेनला मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं, की १९०० सालच्या आसपासची सुरतेतली जुनी वर्तमानपत्रं बघायची आहेत. सुरतेहून ‘गुजरातमित्र’ हे पत्र १८६३ पासून निघतं. दुष्काळातल्या अनाथ मुलांबद्दल त्यात काही सापडेल अशी माझी आशा होती. बेन ओशाळल्या. काम सुरू होताना जुने बांधीव अंक आणि फायली पोत्यांत भरून मागच्या खोलीत ठेवल्या होत्या. इमारत झाली, उद्घाटन झालं, पोती मात्र अजून सुटली नव्हती. कोणत्या पोत्यात कोणतं साल, याची यादी नव्हती. “छ महिना पछी आवो,” त्या म्हणाल्या. सहा महिन्यांनी या.

नूतनीकरणाबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. भिंत आधी की यादी आधी, हा प्रश्न कंत्राटात कुठेच नसतो. रंग उडाला तर परत देता येतो. यादीशिवाय हलवलेला कागद मात्र हरवल्यातच जमा. आणि सुरतेत कागद टिकणं मुळातच अवघड. १८३७ च्या एप्रिलमध्ये इथे भयंकर आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. तापीचे पूर तर अनेकदा. २००६ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक शहर पाण्याखाली होतं. तळमजल्यावरच्या किती कपाटांचा त्यात लगदा झाला असेल कोण जाणे. एवढ्या सगळ्यातून वाचलेला कागद पोत्यात पडून राहावा याचं वाईट वाटलं.

पोती बंद, म्हणून मग उघड्या कपाटाकडे वळले, आणि खरं काम तिथेच झालं.

संदर्भ विभागात ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दुसरा खंड होता, १८७७ चा, सुरत आणि भडोच या जिल्ह्यांचा. गॅझेटियरमध्ये माणसाचं नाव सापडत नाही. कोणती पिकं, कोणत्या जाती, कुठली नदी, किती विहिरी, कोणता रस्ता, अशी माहिती मिळते. पण ज्याचं नाव सापडत नाही त्याचं जग तरी त्यातून दिसतं. तिथेच मला पहिला धडा मिळाला: आजचा नकाशा घेऊन जुना माणूस शोधायचा नाही.

झालं असं, की तेव्हाचा सुरत जिल्हा म्हणजे अखंड जमीन नव्हतीच. ब्रिटिशांची गावं आणि बडोद्याच्या गायकवाडांची गावं एकमेकांत गोधडीच्या ठिगळांसारखी मिसळली होती. नवसारीकडचा मुलूख गायकवाडांचा. मधल्या एका ओढ्याच्या अलीकडचं गाव मुंबई सरकारचं, पलीकडचं बडोदा सरकारचं. त्यामुळे ‘आमचं गाव सुरतजवळ’ असं म्हणणाऱ्या कुटुंबाचे कागद सुरतेत असतीलच असं नाही. गाव गायकवाडी असेल तर जुने कागद बडोद्याच्या दप्तरात जातात, त्यांतला एक हिस्सा मोडी लिपीत. गाव ब्रिटिश असेल तर वरिष्ठ कचेरीचे कागद मुंबईला. आणि १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तरी शतकभर आधी मुंबईत साचलेले कागद काही उठून गुजरातला गेले नाहीत. माणूस घर बदलतो, देश बदलतो, धर्म बदलतो. कागद मात्र कचेरीच्या मागे जातो. शोधताना विचारायचं ते हेच: त्या दिवशी, त्या गावावर, कोणत्या कचेरीचा शिक्का चालत होता?

ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक कचेरी वाढते, ती म्हणजे मिशनची. सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८१५ नंतर आले. पुढे त्यांचं काम आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. सुरतेची आय. पी. मिशन शाळा अजून चालू आहे, त्यातले ‘आय. पी.’ ते हेच. अशा मिशनने वरिष्ठांना पाठवलेली पत्रं आणि अहवाल बेलफास्टला गेले. म्हणजे सुरतेतल्या एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाची माहिती सुरतेत नसून आयर्लंडमध्ये असू शकते. आपल्याकडे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघालं. त्याच्या जुन्या अंकांत मराठी ख्रिस्ती माणसांच्या लग्नाच्या, मृत्यूच्या बातम्या मिळतात. तुमचं घर नगर, सोलापूर, सातारा या बाजूचं असेल तर सुरुवात तिथूनच करा.

हिंदू घरांना दुसरी सोय आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आपल्याला माहीत आहेत. श्राद्धाला किंवा यात्रेला गेलेल्या माणसाने आपलं नाव, गाव, भाऊ-मुलं त्यात लिहून ठेवलेली असतात. गुजरातेत हेच काम वहीवंचा बारोट करतात. यजमानांच्या गावोगाव फिरून वंशावळ वाचायची आणि पुढची पिढी लिहून घ्यायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका काकांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की त्यांच्या बारोटाकडे बारा पिढ्या आहेत. मी विचारलं, “मुलींची नावं असतात?” काका थोडे थांबले. “मुलगा झाला की बारोट येतो,” ते म्हणाले. मुलगी, त्यातून दुष्काळात अनाथ झालेली, त्यातून परधर्मात गेलेली. तिला कोणती वही लिहून घेणार?

आता तो दुष्काळ. गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणजे १८९९-१९००. तोवर गुजरात ही सुपीक जमीन, इथे असलं काही होत नाही, असा सरकारचाही समज होता. पाऊस गेला, गुरं मेली, मग पटकी आली. रमाबाईंनी आधीच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या होत्या. १९०० मध्ये त्यांनी गुजरातेतून आणल्या. पुढे मुक्तिसदनात या मुली मराठी शिकल्या, विणकाम, शेती, छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेलं मराठी बायबलचं भाषांतर तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी छापलं. १९२४ साली ते पुरं होऊन बाहेर आलं, रमाबाई वारल्यावर दोन वर्षांनी. आजी सांगते, की तिच्या आईच्या बोटांच्या टोकांना छापखान्यातली सवय शेवटपर्यंत होती. तांदूळ निवडतानाही ती खिळे जुळवल्यासारखं एकेक दाणा उचलून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मी जनगणनेचे आकडे घेऊन बसले. मी साहित्याची विद्यार्थिनी, आकडे बघितले की झोप येते. पण हे आकडे तसे नव्हते. सुरत जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे साडेसहा लाख होती, १९०१ साली सुमारे ६ लाख ३७ हजार. म्हणजे थोडीच घट. मग उत्तरेकडचा खेडा जिल्हा पाहिला, नडियाद-आणंदचा. तिथे १८९१ ला सुमारे ८ लाख ७० हजार माणसं होती आणि १९०१ ला ७ लाख १६ हजार. दहा वर्षांत दीड लाख माणसं कमी! वाढायला हवी होती ती सोडाच. मी पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या मनात शंका आली ती इथे. दुष्काळाने अनाथ झालेल्या मुली जर गुजरातेतून आणल्या असतील, तर त्या सुरतेपेक्षा वरच्या जिल्ह्यांतल्या असण्याचाच संभव जास्त. मग आजीची आई ‘सुरतेकडची’ कशी?

याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवरच्या बेन डबा खायला बसल्या होत्या, मला म्हणाल्या, या इकडे, एकटी काय खातेस. खाता खाता त्यांनी विचारलं, “तमारी परनानीने गुजराती आवडतुं हतुं?” पणजीला गुजराती यायचं का? मी म्हटलं, नाही, ती मराठीच बोलायची, फक्त एक गंमत होती. आजी सांगते, की कोंबड्या हाकताना, पोरांना शाळेला पिटाळताना ती “हेंड, हेंड” म्हणायची. आम्ही घरात अजून म्हणतो. आम्हाला वाटायचं, तो तिचा काहीतरी खेळकर आवाज आहे.

बेननी घास हातात धरला आणि हसल्या. “अरे, हेंड एटले चाल!” हेंड म्हणजे चल. पण सुरती माणूस हेंड म्हणत नाही, तो ‘चाल’ म्हणतो. हेंड हे चरोतरकडचं, खेडा-आणंद बाजूचं, आणि त्याहून वर उत्तर गुजरातचं. त्यांची जाऊ नडियादची आहे, ती दिवसातून पन्नास वेळा हेंड म्हणते आणि घरातले सगळे सुरती तिला चिडवतात. मग त्यांनी विचारलं, ‘कुठे’ला काय म्हणायची? मी तिथूनच आजीला फोन लावला. फोन स्पीकरवर. आजीला काही आठवेना. बेननी फोनजवळ तोंड नेऊन नुसतं म्हटलं, “च्यां जाय छे?” पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आजी म्हणाली, “कोण बोललं गं हे? आई असंच म्हणायची. च्यां चालली, च्यां चालली.” क्यांचं च्यां करणं हीसुद्धा त्याच बाजूची लकब, बेन म्हणाल्या. सुरतेत ती चालत नाही.

मी डबा तसाच ठेवून संदर्भ विभागात गेले आणि कालचा खेडा जिल्ह्याचा आकडा पुन्हा पाहिला.

हा पुरावा नाही, हे मला कळतं. दोन शब्दांवरून गाव ठरत नाही. पाच-सहा वर्षांची मुलगी मुक्तीत दुसऱ्या गुजराती मुलींकडूनही ते शब्द उचलू शकते. पण आकडे एका दिशेला बोट दाखवत होते आणि शब्दही त्याच दिशेला. आणि ‘सुरतेकडची’चा उलगडा मला त्या रात्री मावशींच्या गच्चीवर झाला, खालून गाडी जाताना. ही रेल्वे १८६४ साली मुंबईपर्यंत पोचली. १९०० मध्ये नडियाद, आणंद, भडोच कुठूनही मुली निघाल्या तरी मुंबईला येणारी गाडी सुरतेवरूनच यायची. केडगावात मराठी माणसांना नडियाद ठाऊक असायचं कारण नव्हतं. सुरत मात्र ठाऊक होती, शिवाजी महाराजांमुळे प्रत्येक मराठी पोराला ती ठाऊक असतेच. कोणी विचारलं, या मुली कुठल्या? तर, सुरतेकडच्या. गाव नव्हे, दिशा. तुमच्याही घरात असे शब्द असतील. ‘आम्ही मूळचे कोकणातले’, ‘आमचे पूर्वज देशावरून आले’, ‘आपण वऱ्हाडाकडचे’. ते गाव म्हणून वाचू नका, कोण कोणाला सांगत होतं ते आधी बघा.

निघायच्या दिवशी सकाळी वेळ होता म्हणून कतारगामकडच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात गेले. तिथे ऑक्झेंडन बंधूंची कबर आहे. कबर कसली, घुमटांचा दुमजली महालच. त्यातला जॉर्ज ऑक्झेंडन हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवणारा तो हाच. १६६९ साली वारला. साडेतीनशे वर्षं झाली, त्याचं नाव, हुद्दा, साल सगळं शाबूत, वर सरकारी संरक्षण. मला राग वगैरे आला नाही. पण त्या घुमटाखाली उभं राहून पणजीच्या कोंबड्या आठवल्या, हे खरं.

मुंबईत परतल्यावर काळा घोड्याला गेले, महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते आहे. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. सुरतेच्या वखारीचे कागद तिथे आहेत, सर्वांत जुना १६३० चा. सुरतेचा इतिहास वाचायला मुंबईत यावं लागतं, ते यामुळे. दुष्काळाच्या फायली महसूल खात्यात. मी चार दिवस वाचल्या. किती माणसं कामावर, किती गरीबखान्यात, किती मेली, धान्याचा भाव काय. संख्या भरपूर, नावं नाहीत. माझ्या वाट्याला आलेल्या फायलींत मला एकाही अनाथ मुलीचं नाव दिसलं नाही.

शेजारीच डेव्हिड ससून लायब्ररी. तिची संस्था १८४७ ची, इमारत १८७० ची, सभासदत्वावर चालणारी. २०२३ मध्ये तिचं नूतनीकरण पुरं झालं. मधल्या काळात घातलेला काँक्रीटचा स्लॅब काढून जुनं उतरतं छप्पर परत आणलं, जुन्या फरश्या उजळल्या. दमले की मी त्या बाजूला जाऊन उभी राहायची. आत डेव्हिड ससूनचा संगमरवरी पुतळा आहे. तो बगदादचा यहुदी, तिथून जीव वाचवून निघालेला, १८३० च्या दशकात मुंबईत स्थिरावला. तोही परागंदाच. पण त्याच्यामागे पैसा होता, घराणं होतं, म्हणून त्याची वंशावळ लंडनपर्यंत छापलेली आहे. सुरतेतल्या त्या वाचनालयात नवे दिवे पाहून मला जे खुपलं होतं ते इथे खुपलं नाही. जुनं परत आणणं आणि जुन्यावर नवं चढवणं यांत फरक आहे. पण खरं सांगायचं तर चार्जिंगचा पॉइंट आणि टॉयलेट यांसाठी मी सुरतेचंच नाव घेईन.

शेवटी कागद मिळाला तो पुणे जिल्ह्यातल्या एका लहान चर्चच्या कपाटात. तिथल्या पाळकांनी मला टेबल दिलं, चहा दिला आणि लग्नांचं जुनं रजिस्टर उघडून दिलं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे या रजिस्टरांत ठरावीक रकाने असतात: तारीख, नावं, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव, सह्या. वंशावळ शोधणाऱ्यासाठी ‘वडिलांचं नाव’ हा रकाना म्हणजे सोनं. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरपेक्षाही आधी हा बघा, कारण इथे एका ओळीत दोन घरं सापडतात.

पणजीची ओळ १९१४ ची. पणजोबांच्या वडिलांचं नाव आहे, गावासकट. पणजीच्या वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ. राहण्याचं ठिकाण केडगाव. शेऱ्यात एकच शब्द: गुजरात. सुरत नाही, खेडा नाही, काही नाही.

मी रेघेकडे बघत बसले. मग पाळकांनी बोट पुढे सरकवलं, सह्यांच्या रकान्याकडे. त्या पानावर पाच लग्नं होती. तीन वधूंचे अंगठे होते. माझ्या पणजीची सही होती. देवनागरीत, टाकाने, शिरोरेघ आधी ओढून मग अक्षरं तिला टांगलेली, पहिलं नाव आणि पुढे नवऱ्याचं नव्हे, पुन्हा स्वतःचंच नाव लिहायला घेतलेलं आणि खोडलेलं. आडनाव काय लिहायचं हे तिला त्या क्षणी सुचलं नसावं. फोटो काढायची परवानगी मिळाली.

पणजीचं नाव मी इथे छापत नाही. आजीने मना केलंय. “ते घरातलं आहे,” म्हणाली.

सुरतची पोती सुटली की बेन फोन करणार आहेत. केडगावला मी परीक्षेनंतर जाणार आहे, तिथे विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत, या वेळी माझा अर्थ न घालता. आजीला सगळं सांगितलं: दीड लाख माणसं, रेल्वे, हेंड, च्यां, आडवी रेघ. तिने गाव विचारलं नाही. मोबाइलवरची सही बोटांनी मोठी करून बघितली, परत लहान केली, परत मोठी केली. म्हणाली, “शिरोरेघ आधीच ओढायची ती. मलापण तसंच शिकवलंन.” मग बराच वेळाने म्हणाली, “नडियादला गाडी जाते का गं थेट?”

जाते. मी तिकिटं बघते आहे.